आईच्या लुगड्यावरचे बोल्ट

मिल्टन कीन्स
९ फेब्रुवारी २०२५

ताई, जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, मी ओरडून बोललो की पलीकडच्या खोलीत सीमाला ऐकू जातं, आणि फॅमिली ग्रुपवर लिहिण्यासारखं हे नाही. म्हणून वीस वर्षांनी पेन हातात घेतलंय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

प्रबुद्धला घर सोडून दहा महिने झाले. त्याचा एकच मेसेज आला होता, ‘मी ठीक आहे, शोधू नका.’ पोलिस म्हणाले, एकवीस वर्षांचा मुलगा आहे, तो हरवलेला नाही, गेलेला आहे. किती सभ्यपणे सांगतात हे लोक. मी त्या बाईला थँक यू म्हणून फोन ठेवला.

तेव्हा तुला मी अर्धवट सांगितलं होतं. झालं असं, की त्याने ती मॉरिस मायनर आणली होती. १९६७ सालची. बकिंगहॅमकडच्या एका म्हातारीच्या शेडमध्ये पंचवीस वर्षं उभी होती, सीटमध्ये उंदरांची घरटी, खालचा पत्रा हाताने तुकडे पडतील इतका गंजलेला. ती त्याने आमच्या गॅरेजमध्ये आणून जवळजवळ पूर्ण सोडवली. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या छोट्या पिशवीत, पिशवीवर त्याच्या त्या वाकड्या मराठीत नाव. ‘डावा दार वरचा बिजागरी.’ ‘रेडिएटर खाली.’ दोनशेच्या वर पिशव्या. आणि मग जयंती आली. मंडळाचा सेक्रेटरी मी, खुर्च्या आणि भांडी ठेवायला जागा हवी होती. गॅरेज आवरताना मी त्या पिशव्या उघडून सगळे बोल्ट एका पत्र्याच्या डब्यात ओतले, पिशव्या बिनमध्ये टाकल्या. मला वाटलं, व्यवस्थित होईल. तो आला, डब्यात बघितलं. वर गेला, बॅग भरली आणि गेला. युनिव्हर्सिटी त्याने आधीच सोडली होती, हे तर आम्हाला तो गेल्यावर कळलं.

आता मी ती गाडी उभी करणार आहे. हसू नकोस. ऑफिसला सिक लीव्हवर आहे, स्ट्रेस म्हणून, तर दिवसभर गॅरेजमध्येच असतो. डोक्यात एकच गोष्ट आहे. गाडी चालू झाली, तिचा फोटो कुठेतरी टाकला, तर तो बघेल आणि येईल. मला माझा मुलगा परत हवाय ताई, दुसरं काही नको. पण डब्यातला कुठला बोल्ट कुठचा ते कळत नाही, आणि जे अजून गाडीत बसलेत ते निघत नाहीत. पाना लावला की घसरतो, बोल्टाची डोकीच गोल व्हायला लागलीत.

तो तुझा लाडका. तुला काही कळलं का त्याचं?

तुझा,
विलास

एडिनबरा
२० फेब्रुवारी २०२५

विलास,

जय भीम. अक्षर आहे तसंच आहे, चौथीतलं. वाचता आलं.

जेवतोस का वेळेवर? सिक लीव्ह घेऊन थंडीत सिमेंटवर पाठ टेकून पडणारा माणूस मी चाळीस वर्षांच्या नर्सिंगमध्ये पहिल्यांदा ऐकते आहे. खाली जाड गालिचा टाक. आणि सीमा पलीकडच्या खोलीत का झोपते, तेही लिही, नुसतं ‘पलीकडची खोली’ असं लिहून पुढे जाऊ नकोस.

बोल्टांची डोकी गोल होतात, कारण तुझे पाने मिलिमीटरचे आहेत. ती गाडी इंचाची आहे. इंचाचे पाने वेगळे मिळतात. गंजलेल्या बोल्टावर आदल्या दिवशी तेल सोडून ठेवायचं आणि मगच पाना लावायचा. आधी थोडा घट्ट करायचा, मग सैल.

तुला बाबा आठवतात का कामाला बसलेले? तू लहान होतास. कामठी रोडवरच्या त्या गॅरेजमध्ये सगळे त्यांना हेल्परच म्हणत, पण इंजिन उघडायला मालक त्यांनाच बोलवायचा. बाबांना अक्षर येत नव्हतं. ते आईचं जुनं लुगडं जमिनीवर पसरायचे आणि काढलेला एकेक बोल्ट त्याच्यावर गाडीतल्या त्याच्या जागी ठेवायचे. बॉनेटचे वरच्या अंगाला, चाकांचे चार कोपऱ्यांत, दारांचे दोन्ही काठांना. लुगड्यावर गाडीच झोपलेली दिसायची. मी शाळेतून डबा घेऊन जायचे तेव्हा ते ओरडायचे, लुगड्यावर पाय नाही द्यायचा. आणि घरी आले की रॉकेलने हात धुवायचे, मग साबणाने, मग पुन्हा रॉकेलने, आणि त्यानंतरच आपल्या वह्यांना हात लावायचे. ‘माह्या पोराच्या हाताले ग्रीस नाही लागलं पाहिजे,’ हे त्यांचं रोजचं होतं. तू ते फारच मनावर घेतलंस.

खुर्च्यांचं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं.

मला काही कळलं का, असं विचारतोस. मला काय काय कळतं आणि काय नाही, ते राहू दे. तू गाडीचं लिहीत जा.

ताई

मिल्टन कीन्स
२० मार्च २०२५

ताई,

इंचाचे पाने आणले आणि पहिल्याच दिवशी अकरा बोल्ट निघाले. गॅरेजमध्ये मी एकटाच हसलो. तुला हे कुणी सांगितलं? तुझ्या खालच्या मजल्यावर बस डेपोतले कुणी रिटायर्ड आजोबा असणार, असा माझा अंदाज. त्यांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा आणखी थोडा वेळ माझ्यासाठी घे.

तू मागे लागलीस म्हणून सांगतो. सीमा म्हणते, ‘तुला मुलगा नको आहे, तुला तुझी चूक पुसून हवी आहे.’ सोळा तारखेला हे म्हणाली आणि तेव्हापासून आम्ही भाजी काय आणायची एवढंच बोलतो. रविवारी ती फोन घेऊन एक तास रेडवेवर, इकडच्या त्या लाल पायवाटेवर, फिरायला जाते. पाऊस असला तरी जाते. माझ्यासोबत घरात बसणं तिला नको झालंय, मला कळतं.

डब्याचं काम काही पुढे सरकत नाही. टेबलावर सगळे ओतले, लांबीप्रमाणे लावले, जाडीप्रमाणे लावले. एकसारखे दिसणारे चाळीस निघाले. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून एकेक बघतो आणि दोन तासांनी कळतं, हा इथला नाहीच. इतकी वर्षं मी लोकांचे डेटाबेस सांभाळले, ताई. एखाद्याने लेबल काढून सगळा डेटा एका टेबलात ओतला असता, तर त्याला मी नोकरीवरून काढायला लावलं असतं.

पण थांबून चालणार नाही. कॉलेजमधला वेल्डिंगचा संध्याकाळचा क्लास केलाय, सहा आठवड्यांचा. वर्गात माझ्याहून लहान सगळे, मला ‘सर’ म्हणतात. परवा शनिवारी मोठं काम काढतोय. दरवाज्याखाली एक लांब पेटी असते, तिला सिल म्हणतात, गाडीचं वजन तिच्यावरच असतं. उजव्या बाजूची पूर्ण कुजली आहे. ती कापून नवीन बसवणार. एकदा ते झालं की गाडी गाडीसारखी दिसेल. मग फोटो.

तो कुठे झोपत असेल गं? थंडी त्याला सोसत नाही. लहानपणी मार्चमध्येही दोन मोजे घालायचा.

विलास

एडिनबरा
२४ मार्च २०२५

विलास,

तुझं पत्र आज सोमवारी मिळालं. शनिवार होऊन गेला. तू कापलं नसशील, अशी आशा धरून लिहिते. सीमाला मेसेजही करते आहे.

कापलं नसेल, तर कापू नकोस. आधी दरवाज्याच्या चौकटीत आतून आडवा लोखंडी दांडा वेल्ड करून घ्यायचा, गाडीला मधोमध खालून आधार द्यायचा आणि मगच सिलला हात लावायचा. नाहीतर गाडी मधून खचते आणि दार पुन्हा बसत नाही. माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याला यातलं कळतं. त्याने हे तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याचा चेहरा उतरला होता.

त्या गाडीवर जीव आहे कुणाचा तरी. जपून.

ताई

मिल्टन कीन्स
१३ एप्रिल २०२५

ताई,

कापलं होतं.

शनिवारी दुपारी बारा वाजता. सीमाने तुझा मेसेज सोमवारी दाखवला, तेव्हा दोन दिवस झाले होते. कापलं तेव्हा काही झालं नाही. मी पाणी प्यायला आत गेलो आणि परत आलो तर आवाज झाला, कुणीतरी कण्हल्यासारखा. गाडी मधून बसली. मापासाठी चौकटीत नुसतं टेकवून ठेवलेलं उजवं दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला जाऊन भिडलंय आणि खाली तीन बोटं फट आहे. मी दाराला खांदा लावून ढकललं, लाथ मारली. मग गाडीला टेकून बसून राहिलो. सीमाने खिडकीतून बघितलं आणि पडदा लावला.

तीन आठवडे तुला लिहायची हिंमत झाली नाही. पंचवीस वर्षं शेडमध्ये पडून गाडीला जे झालं नाही ते मी दोन तासांत केलं. आता कसला फोटो टाकू? त्याने बघितलाच तर त्याला कळेल की पप्पांनी उरलंसुरलंही संपवलं.

उद्या जयंती. मी सेक्रेटरीपद सोडलं, हॉलवरही जाणार नाही. आज बरोबर वर्ष झालं, म्हणून खरं काय ते लिहितो, तू मग पत्र लिहिणं बंद केलंस तरी चालेल.

खुर्च्या कधीच यायच्या नव्हत्या. हॉलच्या स्वतःच्या दीडशे खुर्च्या आहेत, भांडी केटररची असतात. गॅरेजमध्ये एक चमचाही ठेवायचा नव्हता.

गेल्या जयंतीच्या आदल्या दिवशी युनिव्हर्सिटीचं पत्र आलं होतं, प्रबुद्धच्या नावाचं. मी ते उघडलं. त्याने नाव काढून घेतलं होतं, चार महिन्यांपूर्वीच. चार महिने तो सकाळी बॅग घेऊन निघत होता आणि कुठल्याशा वर्कशॉपमध्ये जात होता. मी ते पत्र खिशात घालून गॅरेजमध्ये गेलो. समोर त्या पिशव्या, ओळीने टांगलेल्या. मला बाबा दिसले, ताई. आपण एकाच पिढीत त्या गाडीखालून बाहेर पडलो आणि हा पोरगा हौसेने परत तिथे जाऊन झोपतोय, असं वाटलं. मी एकेक पिशवी उघडली. एकेक नाव वाचलं आणि ओतली. दीड तास लागला. दीड तासात मला कुठेही थांबता आलं असतं. मी शेवटचीपर्यंत गेलो आणि मग डबा हलवला, सगळे नीट मिसळावेत म्हणून.

तो आल्यावर मी त्याला खुर्च्यांचं सांगितलं. त्याने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. पत्र तिथेच होतं, अर्धं बाहेर.

त्याला सगळं कळलं होतं. मी खोटं बोलतोय हेही. वर्षभर मी तेच खोटं सगळ्यांना सांगत आलो, सीमालाही. आता सांगितलंस तरी चालेल तिला. माझ्यात ताकद नाही.

विलास

एडिनबरा
९ मे २०२५

विलास,

पत्र लिहिणं बंद केलेलं नाही. मला कुणाची तरी परवानगी घ्यायची होती, त्यात इतके दिवस गेले. परवानगी मिळाली नाही. तरी लिहिते.

प्रबुद्ध माझ्याकडे आहे.

पहिल्या दिवसापासून. तुमच्या घरून निघाला तो थेट माझ्या जिन्यात येऊन बसला होता. मला बेल ऐकू आली नाही, मी दूध आणायला निघाले तेव्हा दिसला. माझ्याकडून त्याने वचन घेतलं. तू विचारत राहिलास आणि मी एकदाही ‘माहीत नाही’ असं लिहिलं नाही, मागची पत्रं काढून बघ. खोटं बोलायचं नाही हे शील मी शब्दापुरतं पाळलं. पण रोज सकाळी वंदनेला बसले की ते मला खुपतं. खालच्या मजल्यावर कुणी बस डेपोवाले आजोबा नाहीत, विलास. तिथे एक दाताची डॉक्टर राहते.

इंचाच्या पान्यांचं त्याने सांगितलं. सिलचंही त्यानेच. तुझी पत्रं मी त्याला वाचून दाखवत होते, त्याला तुझं अक्षर लागत नाही. पहिलं पत्र ऐकून तो उठून गेला. तुझं मार्चचं वाचताना शनिवार ऐकताच त्याने माझ्या हातातून पत्र घेतलं, आणि पुढे मी मोज्यांचं वाचलं तेव्हा हसला. एप्रिलचंही मी वाचून दाखवलं. मग म्हणाला, ‘आत्या, मला माहीत होता खुर्च्या नव्हता.’ एवढंच.

सीमालाही माहीत आहे. रविवारी रेडवेवर ती त्याच्याशीच बोलते. तिच्यावर रागावू नकोस. तिने तुला सांगावं म्हणून मीही मागे लागले होते, पण तिलाही त्याने बांधून घेतलं होतं, आणि तुला सांगितलं की तू पुढच्याच ट्रेनने येऊन त्याला कॉलेजच्या दारात उभा करशील, याची तिला भीती होती. ती भीती खोटी आहे, असं तूही म्हणणार नाहीस.

आता वचन का मोडते ते सांगते. तो इथे एका वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या नीट करतो. मालक त्याचं नाव घेऊन गिऱ्हाइकांना सांगतो. न्यूझीलंडमध्ये त्याला तसंच काम मिळालंय, दोन वर्षांसाठी तरी. २८ जूनला विमान आहे. तिकडे गेला की तो कुणाच्या जिन्यात येऊन बसणार नाही, आणि मी सदुसष्ट वर्षांची आहे, मधल्या मध्ये निरोप पोचवायला कायम राहणार नाही.

ये. शनिवारी तो दुपारी दोनला कामावरून चहाला येतो, तासाभराने परत जातो. तो डबा आण. एप्रिलमध्ये मला जे लिहिलंस तेवढंच त्याच्या तोंडावर सांग. कॉलेजचा क काढू नकोस. बाबांचा ब काढू नकोस.

ताई

मिल्टन कीन्स
८ जून २०२५

ताई,

काल तुझ्या दारातून निघालो तो घरी कसा पोचलो ते आठवत नाही. प्रेस्टनला गाडी बदलली असणार.

तुझं पत्र आल्यावर चार आठवडे का लावलेस, असं तू स्वयंपाकघरात विचारलंस. घाबरलो होतो, दुसरं कारण नाही. सीमाला म्हटलं, चल. ती म्हणाली, ‘नाही, हे तुझं तू जाऊन बोल.’ चार आठवडे मी वाक्य पाठ करत होतो. ‘प्रबुद्ध, खुर्च्या नव्हत्या. मी ते रागाने केलं, मुद्दाम केलं, आणि मला माफ कर.’ साधं वाक्य आहे. ट्रेनमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो होतो, गाडी वळली की आतले बोल्ट वाजायचे. समोरची बाई विचारायला लागली, यात काय आहे. मी म्हटलं, माय सन्स थिंग्ज.

आणि तो आला. तू बघितलंसच. निळा बॉयलर सूट, मिशी ठेवलीय, खांदे भरलेत. दारात उभा राहून म्हणाला, ‘पप्पा.’ हात पुढे केला. हाताच्या रेषांमध्ये काळं बसलेलं, नखांत काळं. अगदी बाबांचे हात. ताई, माझ्या तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतंच. चार आठवडे पाठ केलेलं वाक्य होतं आणि मी म्हणालो, ‘आधी हात धू.’

तुला ऐकू आलं नाही. तू चहा गाळत होतीस. तुला वाटलं मी काहीतरी चांगलं बोललो, तू आमच्याकडे बघून हसलीस.

त्याने हात मागे घेतला. ‘हो,’ म्हणाला. बाथरूममध्ये गेला. नळ वाहत होता. मी डबा टेबलावर ठेवून उभा होतो, आता बाहेर आला की सांगतो, आता सांगतो. मग नळ बंद झाला आणि जिन्यावर पावलं वाजली. चहा तीन कपांत होता.

तुला मी म्हटलं, त्याला कामाला जायचं होतं. तेही खोटंच होतं. वर्कशॉपवर गेलो नाही. पत्ता तू दिला होतास, वीस मिनिटांची वाट होती. मी खाली ट्रामच्या स्टॉपवर बसलो, दोन ट्राम सोडल्या आणि स्टेशनवर गेलो. तिथे जाऊन परत काय बोललो असतो, याची मला खात्री नव्हती. माझ्या तोंडावर माझा भरवसा उरलेला नाही.

डबा तुझ्याकडेच राहिला. टाकून दे. गाडीही नेऊन टाकायला सांगणार आहे, स्क्रॅपवाल्याचा नंबर काढलाय. सीमा म्हणते, २८ तारखेच्या आधी टाकू नकोस. का, ते सांगत नाही. मी तेवढं ऐकणार आहे. आता मला कुणाचंही ऐकायला काही वाटत नाही.

हात त्याला मी धुवायला सांगितले ते चहासाठी, असं तू त्याला सांगशील का? खरं नाहीये ते. तरी सांग.

विलास

एडिनबरा
१ जुलै २०२५

विलास,

तो गेला. शनिवारी सकाळी सीमा आणि मी विमानतळावर होतो. ती आदल्या दिवशी आली आणि तुला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, हे तिने आता कबूल केलं असेलच. तो ठीक होता. रडला नाही, आम्ही रडलो. तू खांबाआडून बघत असशील, असं मला दोनदा वाटलं, पण तो भलताच कुणी होता.

चहाचं मी त्याला सांगितलं नाही. खरं नाही ते मी सांगत नाही, आता तर मुळीच नाही. मी त्याला वेगळंच सांगितलं. बाबा घरी येऊन रॉकेलने हात कसे धुवायचे आणि मग आपल्या वह्या कशा उघडून बसायचे, वाचता येत नव्हतं तरी पानं उलटत. त्या घरात ‘आधी हात धू’ हे वाक्य बाबा स्वतःच स्वतःला म्हणायचे आणि त्यांचा मुलगा ते ऐकत मोठा झाला, हे सांगितलं. त्याने विचारलं, ‘मग बोल्ट? लिहिता येत नव्हता तर आजोबाला कसा कळायचा कुठला कुठे?’ मी लुगड्याचं सांगितलं. त्याने दोनदा विचारून घेतलं, डोकं कुठल्या बाजूला, चाकं कुठे.

गुरुवारी मी कानाच्या क्लिनिकला गेले होते, दिवस तिथेच गेला. परत आले तर समोरच्या खोलीचं दार बंद. म्हणाला, ‘आत्या, ते खोली उघडू नको. पप्पा येतील तेव्हा उघड.’ मी हो म्हटलं नाही, नुसती मान हलवली. काल उघडली.

सोफा भिंतीला सरकवलाय. जमिनीवर माझी पांढरी चादर आहे, हॉस्पिटलच्या दिवसांपासून जपलेली, तिच्यावर आता काळे डाग पडलेत. आणि त्या चादरीवर ती गाडी आहे, विलास. डबा कोपऱ्यात रिकामा. सगळे बोल्ट, सगळे नट, त्या एवढ्याशा चकत्यासुद्धा, आपापल्या जागी. रेडिएटरचे वर, चाकांचे चार कोपऱ्यांत, उजवं दार, डावं दार. पुस्तक नाही, चित्र नाही. त्याला सगळे तोंडपाठ होते. तू त्या पिशव्या बिनमध्ये टाकल्यास त्याने त्याचं काहीच गेलं नव्हतं. गेलं ते दुसरंच होतं.

मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. पाय नाही द्यायचा, हे अजून कानात आहे, आता दुसरं काही ऐकू येत नसलं तरी.

उजव्या दाराच्या वरच्या बिजागरीपाशी एक जागा मोकळी आहे. तिथे चिठ्ठी ठेवली आहे. मी वाकून वाचली, उचलली नाही. जशी आहे तशी लिहिते.

‘पप्पा, ही बोल्ट माझ्याकडे आहे. नवीन विकत नको घेऊ. गाडी खाली मध्ये जॅक लावून हळू वर करा, रोज थोडा, दाराची फट सरळ येईल. गाडी टाकू नका. दार मी लावणार. सगळे हात धुवून ठेवले.’

ती शेवटची ओळ रागाची आहे की थट्टेची, मला सांगता येत नाही. सीमाला मेसेजवर कळवलं, ती म्हणते राग आहे. मला दोन्ही वाटतं. तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण वाटून घरी बसू नकोस.

चादर पोस्टाने पाठवता येत नाही आणि मी तिला हात लावणार नाही. खोली बंद ठेवली आहे, पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसवते. तुलाच यावं लागेल, आणि एकेक उचलावा लागेल. दोन दिवस लागतील, राहायच्या तयारीने ये.

येताना छोट्या पिशव्या आण, दोनशेच्या वर लागतील. आणि एक चांगलं पेन. प्रत्येक पिशवीवर नाव तू घालायचं आहेस. दोन वर्षांनी तो ते वाचणार आहे आणि तुझं अक्षर त्याला लागत नाही, तेव्हा नीट काढ.

ताई